डाव्या हाताची गोफण

मायाक्कानं सोलापूरच्या शुक्रवार पेठेत भर दुपारी एका माणसाचं खांद्याचं हाड मोडलं, आणि त्या दिवसापासून तिच्या धंद्याला बरकत आली. लोक धंदा सुरू करताना नारळ फोडतात. तिच्यासमोर नारळ नव्हता, मोटरसायकलवाला होता.

झालं असं, की पद्मजाबाई रिक्षातून उतरून पर्समध्ये सुटे शोधत होत्या. पद्मजाबाई म्हणजे मायाक्काच्या घरमालकीण. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले, घर मोठं. बारा वर्षांपूर्वी मायाक्का मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आली आणि सरकत सरकत पुढच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली. दोघी आता एकाच चुलीवरचं खात होत्या आणि एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवत होत्या. तर त्या सुटे शोधत असताना मोटरसायकलवरून एकजण आला, त्यानं बाईंच्या गळ्यातली साखळी हिसकली आणि गाडी पिटाळली. बाई तोंडावर आपटल्या, चष्मा फुटला.

मायाक्का दारात बसून तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. कंबरेला करदोट्यासारखी गुंडाळलेली काळ्या लोकरीची गोफण सोडली. गल्लीत नळासाठी रस्ता उकरलेला होताच, धोंड्यांना तोटा नव्हता. बासष्ट वर्षांची बाई, नऊवारीचा ओचा, डोक्यावर पदर. डोक्याभोवती एक फेरा, दुसरा फेरा, आणि फाट्‌ असा आवाज झाला. पलीकडच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. गाडीवाला शंभर पावलांवर वळणाला पोचला होता. धोंडा त्याच्या उजव्या खांद्यात बसला. गाडी सरळ रसवंतीच्या गाड्यात घुसली, आणि उसाच्या चरकाच्या चाकावर त्याचे पुढचे दोन दात राहिले.

मायाक्का सावकाश चालत गेली. चोराची मूठ घट्ट होती. तिनं एकेक बोट उघडलं. चौथं उघडेना, म्हणून ते तिनं उलट्या बाजूनं उघडलं. साखळी पदराला पुसली आणि बाईंना आणून दिली.

"बाई, ही घ्या. आन्‌ उटा आता, डाळ करपाय लागलीया."

पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, 'हत्यार: दोरी'. जमादारानं विचारलं, "आजी, हे बाळगायला परवाना हाय का?"

"लांडग्याकडं व्हता का परवाना?" मायाक्का म्हणाली.

गोफण पुरावा म्हणून जमा झाली. ती पिशवीत जाताना मायाक्का एकटक बघत राहिली. कारण तिनं विणलेली एक गोफण अठरा वर्षांपूर्वी अशीच पुराव्यात गेली होती, आणि ती परत आली नव्हती.

ती गोष्ट सांगितल्याशिवाय मायाक्का कळायची नाही.

मायाक्का माळशिरस तालुक्याच्या कोरड्या माळावरची. तिचा नवरा प्रभु मेंढक्या. मूलबाळ नव्हतं, दीडशे मेंढरं होती. घराण्याची रीत अशी, की दसऱ्याला घरच्या बाईनं घरातल्या प्रत्येक पुरुषाला नवी गोफण विणून द्यायची. गोफण म्हणजे काय, दोन दोऱ्या आणि मध्ये धोंडा ठेवायची झोळी. एका दोरीला बोटात अडकवायचा फासा, दुसरीचं टोक मोकळं. फिरवायची आणि मोकळं टोक सोडून द्यायचं. ऐकायला सोपं. पण दोऱ्यांची लांबी त्या माणसाच्या हाताची, फासा त्याच्या बोटाचा, झोळी त्याच्या मुठीची लागते. दुसऱ्याची गोफण घेऊन मारायला जाल, तर शेजाऱ्याचं कौल फुटेल. मायाक्काच्या हातची गोफण पंचक्रोशीत नावाजलेली. प्रभुनं तिच्यातून मारलेल्या एका धोंड्यानं लांडग्याचा जबडा असा फिरवला होता, की तो लांडगा मरताना मागं बघत मेला.

प्रभुचा चुलतभाऊ हरिबा. डावखुरा. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात डाव्या हाताचं मधलं बोट गेलेलं. त्याचा फासा मायाक्का करंगळीशेजारच्या बोटाच्या मापाचा करायची. असं माप दहा गावांत दुसरं नव्हतं, आणि तसा नेमही नव्हता. उडत्या होल्याला, त्या मूठभर पाखराला, तो धोंडा मारायचा.

त्या साली ओढ्याच्या डोहावर दोन कळपांची गाठ पडली. पाणी हातभर उरलेलं. आधी कुणाची मेंढरं पाजायची यावरनं शब्द वाढला. प्रभुची जीभ वाईट. दहा मेंढक्यांच्या देखत तो म्हणाला, "जा रं नऊबोट्या, आदी बोटं मोजून ये, मग मेंढरं मोज." लोक हसले. प्रभु पाठ फिरवून डोहात उतरला. साठ पावलांवर हरिबानं गोफण फिरवली.

मायाक्का भाकरी घेऊन येत होती. तिनं आवाज ऐकला, आपल्याच गोफणीचा आवाज आहे हे ओळखलं, आणि मान वर केली तोवर प्रभुचं कानशील फुटलं होतं. तो आवाज मडक्यासारखा आला. प्रभु पालथा पाण्यात पडला. पाणी लाल झालं, आणि मेंढरं पीत राहिली. तहानलेल्या मेंढरांना रंग कळत नाही. मायाक्कानं भाकरीची टोपली टाकली आणि हरिबावर अशी तुटून पडली, की तिला ओढून काढायला सहा माणसं लागली. हरिबाच्या गालावर तिच्या दातांची कमान कायमची राहिली.

कोर्टात हरिबानं सांगितलं, "म्होरच्या मेंढीला वळवाय धोंडा टाकला, चुकून दादाला लागला." वकिलानं मायाक्काला विचारलं, "गोफण म्हणजे काही बंदूक नव्हे. धोंडा इकडंतिकडं जाऊ शकतो की नाही?"

"दुसऱ्यांचा जात आसंल," मायाक्का म्हणाली. "मी इनलेल्या गोफणीचा न्हाय जात."

हरिबाला सात वर्षं लागली. पण परतीच्या एसटीत मायाक्काच्या मनात एक काटा शिरला, तो शिरलाच. त्या दसऱ्याला तिच्या अंगात ताप होता. पाच गोफणी एका दिवसात उरकल्या होत्या. हरिबाचा फासा नीट आवळला होता का आपण? जर एक पदर ढिला राहिला असेल, तर धोंडा मेंढीच्या उजवीकडं जाणार. आणि उजवीकडंच प्रभु उभा होता. मग प्रभुला मारलं कुणी? आणि सात वर्षं खडी फोडायला गेलं कोण? गोफण बघितली असती तर एका क्षणात कळलं असतं. ती कोर्टाच्या कपाटात गेली ती गेली.

तेव्हापासून मायाक्काचा नेम ठरला. नेम म्हणजे व्रत. विणलेली प्रत्येक गोफण साठ पावलांवरून तीन मडक्यांवर चालवायची. एक जरी मडकं राहिलं तर गोफण चुलीत. मेंढरं विकून ती सोलापुरात आली, बाईंकडं राहिली, पण विणणं सुटलं नाही. मंगळवारच्या बाजारात चार गोफणी घेऊन बसायची आणि चार घेऊन परत यायची. शेतकऱ्यांनी पाखरांसाठी जाळ्या आणल्या होत्या, फटाके आणले होते, पक्ष्यांना भोंगे ऐकवले होते. गोफण हवी असलेला माणूस सोलापुरात वर्षाला एखादा निघायचा, आणि तो नेमका त्या मंगळवारी पंढरपूरला गेलेला असायचा.

चोराचा खांदा मोडल्यावर मात्र पद्मजाबाईंच्या डोक्यात घंटा वाजली. त्यांची भाची उत्कर्षा पुण्यात बसून मोबाइलवरून कानातली विकत होती, दुकान न घेता. बाईंनी तिच्याकडून शिकून घेतलं. गोफणीचा फोटो काढला, तूर निवडायच्या सुपात ठेवून. एका मोठ्या साइटनं 'हत्यार' म्हणून नाकारला. दुसरीवर बाईंनी 'पारंपरिक हस्तकला, शेतातील पाखरे राखण्यासाठी' असं लिहिलं. शिक्षिकाच त्या, एकाच उत्तराला दोन रीतींनी मार्क मिळवायचं ठाऊक होतं.

आठ दिवस शांतता. नवव्या दिवशी हिमाचलातल्या एका सफरचंदवाल्याला माकडांसाठी तीन हव्या होत्या. मग केरळातून एक, मग आसामातून दोन. मग समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरून, जिथं म्हणे गोफणीच्या स्पर्धा भरतात, एकदम बारा. पद्मजाबाई भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचायच्या. चौतीस वर्षं शिकवलेला भूगोल पहिल्यांदाच त्यांना पत्रं लिहीत होता.

"मायाक्का, बघितलंस? अगं, माणसं होती. फक्त ती एका गावात नव्हती."

"परत्येक गावात एक खुळा आसतोच की," मायाक्का म्हणाली. "बाजारात त्यो एकटा लाजतो. तुमच्या त्या डबड्यात समद्या खुळ्यांची जत्रा भरली."

भांडणं झाली नाहीत असं नाही. पहिलं झालं मापावरून. पद्मजाबाई म्हणाल्या, लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन ठेवू, सगळे तसंच करतात.

"चड्ड्या हायत का त्या?" मायाक्का कडाडली. "मानूस इचारा. उजवा का डावा. काखंपास्नं मुठीपातूर किती. फासा कंच्या बोटाला. आन्‌ हाताला बोटं किती."

"बोटं किती हे कोण विचारतं गं? लोकांना अपमान वाटेल."

"ज्याला पाच हायत त्यो हसंल. ज्याला चार हायत त्यो सांगंल."

बाईंनी नाक मुरडत ते सगळं अर्जात घातलं. आणि खरोखर, जगभरातले लोक काखेत टेप घालून माप पाठवू लागले.

दुसरं भांडण झालं एका मुंबईकरावरून. त्यानं गोफण विसाव्या मजल्यावरच्या गॅलरीत फिरवली. पहिल्या फेऱ्यात काच, दुसऱ्यात टीव्ही आणि तिसऱ्यात स्वतःचं नाक. त्यानं एक तारा देऊन लिहिलं, 'वस्तू धोकादायक आहे.' बाईंनी घाबरत वाचून दाखवलं.

"मग काय हळदीकुंकवाला घ्येतली व्हती?" मायाक्का म्हणाली. "नाक मोडलं न्हवं? म्हंजी माल चांगला हाय. तसं ल्ह्या त्याला."

रविवारी दोघी शहराबाहेरच्या माळावर जायच्या. रिक्षात मडकी, छत्री आणि गोफणी. मायाक्का धोंडे घालायची, मडकी फुटायची, बाई दचकत मोजायच्या. एखादी गोफण चुकली की मायाक्का तिथंच काडी लावायची. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास सुटतो. बाईंचा जीव तुटायचा. "अगं, चांगली दिसतेय की! वाऱ्यानं चुकलं असेल." मायाक्का जाळावरची नजर काढायची नाही. "वारं कोर्टात येत न्हाय, बाई."

आणि मग मार्गशीर्षात ती मागणी आली.

पद्मजाबाई नेहमीसारख्या मोठ्यानं वाचत होत्या. "नाव, संगमेश. पत्ता, श्रीपूर, कारखान्याचा गाडीतळ. अरे वा, आपल्याच जिल्ह्यातला! हात, डावा. दोरीची लांबी, दोन हात आणि वर चार बोटं. फासा, करंगळीशेजारच्या बोटाला. हाताला बोटं, चार. मधलं नाही." त्या हसल्या. "मिळाला बाई तुझा चार बोटांचा!"

मागून काहीच आवाज आला नाही म्हणून त्यांनी वळून बघितलं. मायाक्काच्या हातातली लोकर तिनं दोन्ही मुठींत अशी आवळली होती, की नखं तळव्यात रुतून रक्त आलं होतं.

"परत वाचा."

बाईंनी वाचलं.

"हरिबा हाय."

"नाव संगमेश आहे गं."

"नाव खोटं देता येतं, बाई. माप खोटं दिलं तर धोंडा आपल्याच टकुऱ्यात येतो."

पद्मजाबाईंना सगळी हकिकत ठाऊक होती. त्या उठल्या, दाराला कडी घातली, दिवसाढवळ्या खिडकी लावली, आणि मोबाइल टेबलावर असा ठेवला जणू हरिबा त्यातूनच बाहेर येणार होता. "हे बघ, मागणी रद्द करू. बटण आहे. आणि पोलिसांना कळवू."

"काय म्हनून? मानसानं माप दिलंय. खून केला न्हाय."

"अगं, केलाय की!"

"त्यो मागं."

रात्री जेवणं झाली नाहीत. मायाक्का एकच वाक्य बोलली, "बाई, आता कळंल." बाईंनी ताटं झाकून ठेवली. अठरा वर्षांच्या काट्याला टोक आलं होतं. त्याच मापाची, त्याच हातासाठी, तीच गोफण ती पुन्हा विणणार होती.

एका दिवसाचं काम, तिला आठ दिवस लागले. पहिली विणली तेव्हा तिनं मुद्दाम फाशाशेजारी कुजका धागा घातला. तिसऱ्या फेऱ्याला तुटेल आणि धोंडा फेकणाऱ्याच्याच डोळ्यात जाईल असा. विणून झाल्यावर ती त्या गोफणीकडं बराच वेळ बघत बसली. हरिबाचा डोळा फुटलेला तिला दिसला, आणि बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मग तिनं ती चुलीत टाकली.

"का गं?" बाईंनी विचारलं.

"गोफनीनं खोटं बोलायचं मग खरं कुनी सांगायचं?"

दुसरी तिनं मन लावून विणली. रविवारी माळावर तिनं चिंधीनं आपलं डाव्या हाताचं मधलं बोट तळव्याशी करकचून बांधलं आणि हरिबा होऊन उभी राहिली. पहिलं मडकं फुटलं. दुसरं फुटलं. तिसरा धोंडा मडक्याच्या उजवीकडून एक वीत सुटला.

उजवीकडून.

मायाक्कानं बोटाची चिंधी सोडली. बाईंनी आगपेटी काढून पुढं केली. पण मायाक्कानं काडी ओढली नाही. "माजा हात चुकला का दोरी, कळंना," ती म्हणाली. "उसना हात हाय ह्यो. ही गोफन त्याच्याच हातात बोलंल."

"म्हणजे?"

"म्हंजी उद्याची एसटी."

"कुरिअरनं पाठव!"

"कुरिअरवाला नेम बघून येनार हाय का?"

पद्मजाबाईंनी आयुष्यात भांडण सोडवायलासुद्धा खडूच वापरला होता. पण त्या निघाल्या. पर्समध्ये पाण्याची बाटली, डोकेदुखीच्या गोळ्या आणि पोळपाटलाटण्यातलं लाटणं घेतलं. मायाक्काच्या पिशवीत ती गोफण, आणि कंबरेला तिची स्वतःची, जमा झालेलीच्या जागी नवी विणलेली.

श्रीपूरला हंगाम जोरात होता. गाडीतळावर उसाच्या बैलगाड्यांची रांग, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मळीचा आंबूस वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा कालवा. दोघी पोचल्या तेव्हा एका गाडीवानानं वाट अडवलेल्या दुसऱ्याच्या थोबाडीत मारली होती, आणि दुसरा उसाच्या टिपरीनं त्याची पाठ सोलत होता. आजूबाजूचे चहा पीत होते. ट्रॅक्टरवर बसलेल्या एका तरुणाला मायाक्कानं विचारलं, "संगमेश कोन?"

"मीच की. का?"

"चार बोटाचा कुटं हाय?"

संगमेश चपापला. "म्हाताऱ्यानं माझ्या मोबाइलवरनं मागितली, मावशी. फोटो बघितला आन्‌ दोन दिस जेवला न्हाय. म्हनला, ही वीण वळकीची हाय." त्यानं तळाच्या टोकाकडं हात केला. "रानडुकरं राखायला ठेवलाय त्याला. परवा एका डुकरानं राखणदार फाडला न्हवं का, मांडीपास्नं पोटापातूर."

हरिबा एका मोकळ्या गाडीजवळ उभा होता. वाळून काटकी झालेला. गालावर दातांची कमान. त्यानं मायाक्काला बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"आलासा वैनी."

"नाव लपवलंस."

"नाव सांगितलं आसतं तर इनली आसती का?"

"मग माप का न्हाय लपवलंस?"

हरिबानं डावा हात बघितला. "धोंडा कुटं गेला आसता?"

मायाक्कानं पिशवीतून गोफण काढून त्याच्या अंगावर फेकली. साठ पावलांवर दुसऱ्या गाडीच्या जूला तेलाचा रिकामा डबा लटकत होता. "त्यो डबा. तीन धोंडं."

हरिबानं फासा बोटात घातला. तो बसला, अठरा वर्षं तिथंच असल्यासारखा. पद्मजाबाई गाडीमागं गेल्या आणि लाटणं छातीशी धरलं. पहिला धोंडा गेला. डबा किंचाळला. दुसरा गेला. डबा दुमडला. तिसरा त्याच खड्ड्यात बसून आरपार गेला. भांडणारे गाडीवान भांडण थांबवून बघू लागले.

"गोफन खरी हाय," मायाक्काचा आवाज फाटला. "त्या दसऱ्याची कशी व्हती? फासा ढिला व्हता का? खरं सांग, हरिबा. मेंढीवर धरलेला धोंडा उजवीकडं गेला का माज्या हातानं?"

हरिबानं फासा बोटातून काढून गोफण खाली टाकली.

"मी ताप घेऊन इनली व्हती रं! माज्या दोरीनं मारलं का त्येला?"

हरिबाच्या तोंडावर काहीतरी सरकलं. ती हे अठरा वर्षं उराशी धरून बसली असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. एक 'व्हय' म्हटलं असतं तर सात वर्षांचा हिशेब तिच्या माथ्यावर गेला असता आणि तो गावात ताठ मानेनं फिरला असता. त्याला ते कळलं. मायाक्कालाही कळलं, की त्याला कळलंय.

"मेंढीचं वकिलानं शिकवलं व्हतं, वैनी," तो म्हणाला. "मी कानशिलावर धरला व्हता. त्यो हसला, लोक हसले. म्या नेम धरला आन्‌ मारला. तुमची गोफन चुकली न्हाय. येक सूतभर चुकली न्हाय."

मायाक्कानं डोळे मिटले. छातीवरून बैल उठावा तसा तिनं श्वास घेतला. आणि मग तो श्वास बाहेर आला तो किंकाळी होऊन. "अठरा वर्सं! अठरा वर्सं मी गोफनी जाळल्या रं मुडद्या!"

तिनं कंबरेची गोफण सोडली आणि मोजून साठ पावलं मागं गेली. हरिबा पळाला नाही. ती किती पावलं टाकते ते तो बघत होता. मग त्यानं डावा हात मोकळ्या गाडीच्या फळीवर ठेवला, चार बोटं पसरून, आणि मान दुसरीकडं वळवली.

"मायाक्का, नको! अगं, पोलीस..." पद्मजाबाई ओरडल्या.

एक फेरा, दुसरा फेरा. फाट्‌.

मनगटाच्या वर हाड मोडल्याचा आवाज रांगेतल्या शेवटच्या बैलापर्यंत गेला. फळीची चिलपी उडाली, तिच्यावर रक्ताची रेघ होती. हरिबा गुडघ्यावर आला. तोंडातून शब्द नाही, नुसता घरघराट. हात मनगटाच्या वरून वेगळ्याच दिशेला वळला होता.

मायाक्का चालत आली. तिनं दात लावून पदर टरकावला, दोन उसाच्या टिपऱ्या मागितल्या, आणि मेंढीचा मोडलेला पाय बांधतात तसा तो हात बांधला. हरिबा ओरडला तेव्हा म्हणाली, "हलू नगंस, वाकडा बसंल." मग खाली पडलेली नवी गोफण उचलली, तिची झोळी त्याच्या मनगटाखाली घातली आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ त्याच्या मानेमागं मारली. दोन हात चार बोटं लांबी. बरोबर बसली.

संगमेशनं त्याला ट्रॅक्टरवर चढवलं. डॉक्टरांना काय सांगायचं, असं त्यानं विचारलं.

"ट्रॉलीत सापडला," हरिबा घरघरला. "आनी काय."

पद्मजाबाईंनी परतीच्या एसटीत डोकेदुखीच्या गोळीचे दोन तुकडे केले, एक मायाक्काला दिला. अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, "तुला बरं वाटलं का गं?" मायाक्का खिडकीतून बाहेर बघत होती. "हात दुकतोय," ती म्हणाली. थोड्या वेळानं झोपली, तोंड उघडं टाकून, आणि थेट सोलापूरच्या स्टँडपर्यंत घोरली. बारा वर्षांत बाईंनी तिला दिवसा झोपलेलं कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी माळावर एक गोफण तिसऱ्या मडक्याला चुकली. बाईंनी सवयीनं आगपेटी काढली. मायाक्कानं गोफण उलटसुलट करून बघितली, फासा उसवला आणि पिशवीत टाकली. "राहू द्या. वारं व्हतं."

पंधरा दिवसांनी मोबाइल वाजला. पद्मजाबाईंनी चष्मा चढवला आणि एकदम खुर्चीत ताठ बसल्या.

"श्रीपूरचा अभिप्राय आलाय. पाच तारे." त्यांनी घसा खाकरला. "'माल फोटोत होता तसाच आहे. माप बरोबर. नेम अजिबात चुकत नाही. घरपोच आणून दिला.'"

मायाक्का काळ्या लोकरीचा पीळ घालत होती. हात थांबला नाही, मान वर झाली नाही.

"डुकरं काय हात बरा व्हायची वाट बघत बसत न्हाईत," ती म्हणाली. "उजव्या हाताचं माप इचारा त्येला."